प्रस्थानाची पिशवी

"अलिबाग नको," अप्पा म्हणाले आणि त्यांनी भिंतीवरच्या नकाशावरून फूटपट्टी खाली सरकवली. "तिथे मुंबईचे लोक येतात."

"मग काशीद?"

"तिथे पुण्याचे लोक येतात."

"अप्पा, आपण पुण्याचेच आहोत."

"म्हणूनच म्हणतोय. मला माहितीयत ते कसे असतात."

माझे वडील पाटबंधारे खात्यात हेड ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर त्यांनी कालव्यांच्या रेघा मारल्या. फूटपट्टीशिवाय त्यांना घरातला कुठलाच निर्णय घेता यायचा नाही. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते, नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती, आणि एक सेकंडहँड मारुती घेऊन मी घरात जाहीर केलं होतं, की दुसऱ्या शनिवारी तुम्हा दोघांना समुद्रावर नेणार. शनिवार-रविवार. गाडीनं जाऊन येता येईल असा कुठलाही समुद्र निवडा.

समुद्र निवडायला आम्हाला अकरा दिवस लागले.

हरिहरेश्वर बाद झालं, कारण "देवाला जायचं तर देवाला जावं, समुद्राला जायचं तर समुद्राला. एका दगडात दोन पक्षी मारणं देवाला आवडत नाही." श्रीवर्धन बाद झालं, कारण अप्पांचे एक साहेब तिथले होते. गुहागर फूटपट्टीवर दीड सेंटीमीटर जास्त भरलं.

आई खाली बसून मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मुरुड?"

"जंजिऱ्याचं?" अप्पांनी विचारलं.

"दापोलीचं."

अप्पांनी फूटपट्टी खाली ठेवली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मेथीत माती फार असते हल्ली," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

दापोलीच्या मुरुडला माझी सख्खी मावशी राहायची. कुमुदमावशी. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर, मागे सुपारीची वाडी, नुकत्याच पर्यटकांसाठी काढलेल्या दोन खोल्या. आणि मावशीच्या घरात मावशीचे यजमान होते, नाना मेहेंदळे, म्हणजे अप्पांचे साडू. या दोन साडूंचं सात वर्षं बोलणं बंद होतं.

कारण सांगते. हसायचं नाही. मावशीच्या मुलीच्या लग्नात सगळ्या कुटुंबाचा एकत्र फोटो काढला, आणि त्यात अप्पांचं फक्त उजवं कोपर आलं. अप्पा म्हणाले, फोटो परत काढा. नाना म्हणाले, लोक पंगतीला बसलेत, आता पानावरून उठवू काय? अप्पा न जेवता मांडवातून निघाले. तेवढ्यावर भागलंही असतं. पण नानांनी तो फोटो मोठा करून, फ्रेम करून ओटीवर लावला. "म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला," अप्पा म्हणायचे, "की हे पाहा आमचे साडू!"

एरवी हे असंच आणखी सात वर्षं चाललं असतं. पण त्या वर्षी मावशी मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघाली होती. आमच्या त्या शनिवारनंतरच्या गुरुवारी विमान, आणि जायचं ते वर्षभरासाठी. तिचं आईला पत्र आलं होतं, जोडीनं येऊन जा. आईला बहिणीला भेटायचं होतं, एवढी एकच गोष्ट तिला त्या महिन्यात हवी होती.

"मी सोडते ना तुला," मी तिला दहा वेळा म्हटलं. "अप्पांना राहू दे घरी नकाशाबरोबर."

"तिनं जोडीनं बोलावलंय. एकटी गेले तर उद्या लोक तिलाच विचारतील, मेहुणे का नाही आले." मग मेथीच्या काड्या गोळा करत म्हणाली, "आणि मला ह्यांच्या नावानं खोटं बोलायला जमत नाही. शिंक येते."

अकराव्या दिवशी अप्पांनी नकाशावर पेन्सिलीनं गोल केला. दिवेआगर.

"खोली बघायला हवी," मी म्हटलं.

"होईल," अप्पा म्हणाले.

 त्या दिवशी आईच्या आमटीत मीठ नव्हतं, आणि अप्पांनी ते मागितलंही नाही.

एवढ्यावर प्रश्न मिटला असं ज्याला वाटेल त्यानं माझ्या वडिलांना पाहिलेलं नाही. रात्री त्यांनी पंचांग काढलं.

"शुक्रवारी संध्याकाळी निघता येणार नाही. शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूळ असतो."

"अप्पा, समुद्र पश्चिमेलाच आहे."

"तो समुद्राचा प्रश्न आहे. शुक्रवारी पश्चिमेला जायचं नाही."

"बरं, शनिवारी पहाटे निघू."

"शनिवारी अमावास्या."

मी गाडीची किल्ली टेबलावर आपटली. "मग समुद्र इकडे मागवू का?"

"चिडू नकोस. शास्त्रात सोय आहे," अप्पा समाधानानं म्हणाले. "गुरुवारी प्रस्थान ठेवू."

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. निघायच्या दिवशी मुहूर्त नसेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी आपल्या सामानातली एक पिशवी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. सुपारी, अक्षता, एक रुपया आणि अंगावरचं एखादं वस्त्र. पिशवी घराबाहेर पडली म्हणजे माणूस निघाला, असं देवाच्या दप्तरी नोंदलं जातं. मग शरीर सवडीनं गेलं तरी चालतं. जाताना ती पिशवी आपल्या हातानं उचलायची आणि पुढे जायचं. मात्र ती न उचलता प्रवासाला निघायचं नाही आणि अर्ध्यातून घरीही आणायची नाही.

"आणि ती जायच्या दिशेला ठेवायची," अप्पा म्हणाले. "म्हणजे पश्चिमेच्या शेजाऱ्याकडे."

पश्चिमेला दोन शेजारी होते. गोखलेबाई, ज्या गुडघ्यांमुळे वर्षानुवर्षं घराबाहेर पडल्या नव्हत्या. आणि पाठारे, जे घरात सापडायचेच नाहीत. पाठाऱ्यांना मासळीचं वेड. दर महिना-दीड महिन्यानं मित्राला घेऊन ते हर्णैच्या मासळीच्या लिलावाला जायचे.

"गोखलेबाईंकडे ठेवा," मी म्हटलं. "त्या घरीच असतात."

"त्यांचं दार दक्षिणेला उघडतं."

"पिशवी दारातून बघणार आहे का?"

"उल्का, ज्यातलं कळत नाही त्यात बोलू नये."

गुरुवारी संध्याकाळी अप्पा सोवळ्याचा पंचा खांद्यावर टाकून, हातात निळ्या काठाची कापडी पिशवी धरून पाठाऱ्यांकडे गेले. आई पुढे, मी मागे. एका पिशवीची वरातच म्हणा ना. पाठारे बनियनवर पेपर वाचत होते, ते गडबडून उभे राहिले.

"पाठारे, ही इथे कोपऱ्यात राहू दे. मी शनिवारी नेईन."

"राहू द्या की, पानसेसाहेब. काय आहे?"

"मी आहे," अप्पा म्हणाले.

पाठारे पिशवीकडे आणि अप्पांकडे आळीपाळीनं बघत राहिले.

"शनिवारी तुमचं हर्णै आहे ना?" अप्पांनी विचारलं.

"हो, पहाटे चारला सुटतोय. पण ही असते घरी."

"नक्की चारला?"

"नक्की."

"बरं, बरं," अप्पा म्हणाले, आणि आम्ही परतलो.

शनिवारी सकाळी सहाला आईनं अप्पांच्या हातावर दही घातलं, मी गाडी गेटाशी आणली, आणि अप्पांनी पाठाऱ्यांची बेल वाजवली. पाठारेवहिनी तोंडात ब्रश घेऊन दारात आल्या.

"पिशवी," अप्पा म्हणाले.

"कुठली? ती निळ्या काठाची?" वहिनींनी ब्रश काढला. "ती ह्यांनी नेली की!"

"नेली? कुठे नेली?"

"मुरुडला. कुमुदताईंकडे. ह्यांना वाटलं, पानसेवहिनींनी दर वेळसारखी पाठवलीय बहिणीला..." आणि इथे वहिनींना आईचा चेहरा दिसला. त्यांनी ब्रश घाईघाईनं परत तोंडात घातला.

पण व्हायचं ते झालं होतं.

"दर वेळसारखी?" अप्पा म्हणाले.

पाठारे हर्णैला गेले की मुक्कामाला मुरुडला नानांकडे उतरायचे. मासे बाहेर खायचे आणि झोपायला शाकाहारी घरात. आणि जाता-येता गेली पाच वर्षं बहिणीबहिणींच्या पिशव्या पोचवायचे. इकडून मेतकूट, भाजणी, तिकडून आमसुलं, सुपारी. अप्पा रोज जी आमसुलाची आमटी भुरकायचे ती नानांच्याच वाडीतली होती.

आई अंगणातल्या तुळशीकडे बघत उभी राहिली. अप्पा चिडतील, तडक घरात परत जातील, दौरा रद्द होईल, असं मला वाटलं. आईलाही तेच वाटलं असणार. तिनं पदर घट्ट धरला होता.

अप्पा म्हणाले, "आता प्रश्न शास्त्राचा आहे."

"म्हणजे?"

"प्रस्थान मुरुडला गेलं. ते उचलल्याशिवाय मला दुसरीकडे जाता येत नाही. घरीही बसता येत नाही, कारण मी परवाच निघालोय. देवाच्या दप्तरी मी या क्षणी मुरुडला आहे. फक्त शरीर पोचायचं राहिलंय."

"मग?"

"मग काय! गाडी काढ. पिशवी उचलू आणि दिवेआगरला जाऊ. पायरी चढणार नाही मी त्यांची. अंगणातून उचलेन."

आई गाडीत इतक्या चपळाईनं बसली, की माझं दार उघडायच्या आधी तिचं लागलं होतं.

भोर ओलांडून आम्ही वरंध घाटात शिरलो. घाटमाथ्यावर चहाला थांबलो तर अप्पा गाडीतच बसून राहिले, मांडीवर पंचांग उघडं ठेवून. खिडकी उघडी होती. माकड कधी आलं ते कुणालाच कळलं नाही. अप्पांचं "ए, ए, ए!" ऐकून मी वळले, तर पंचांग कठड्यावर आणि माकड त्याच्या समोर मांडी घालून. त्यानं दोन पानं चाळली, एक फाडलं, आणि चावून बघितलं.

चहावाला म्हणाला, "काका, केळं दाखवा, टाकून देईल."

केळं दाखवलं. माकडानं केळंही घेतलं आणि पंचांगही घेतलं. फाडलेलं पान तेवढं खाऊन टाकलं. मग वरच्या फांदीवर जाऊन ते पुढचे महिने वाचत बसलं.

"कुठलं पान खाल्लं?" आईनं विचारलं.

"हाच पंधरवडा," अप्पा खचून म्हणाले.

"चला, म्हणजे अमावास्या गेली," आई म्हणाली. सात वर्षांत मी तिला अशी हसताना पाहिलं नव्हतं. बशीतला चहा सांडेपर्यंत हसत होती.

महाड, पोलादपूर, खेड, दापोली. अप्पा एकदाही म्हणाले नाहीत की हळू चालव. उलट दापोलीच्या पुढे एका फाट्यावर मी थांबले, तर "डावीकडे" म्हणाले. मी वळले. फाट्यावर पाटी नव्हती आणि नकाशा मागच्या सीटवर आईच्या पायाशी होता. पण तेव्हा माझं डोकं घाटातल्या वळणांनी थकलं होतं.

दीड वाजता मुरुडला पोचलो. कुमुदमावशी फाटकातच उभी होती. आई गाडी थांबायच्या आत उतरली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि दोघीही एकाच वेळी बोलायला लागल्या. ऐकायला कुणी उरलंच नाही, आणि त्याची त्यांना गरजही नव्हती.

नाना ओटीवर उभे होते. उघडे, जानवं, कमरेला पंचा. अप्पा अंगणात. दोघांच्या मध्ये तीन पायऱ्या.

"पिशवी," अप्पा सुपारीच्या झाडाला उद्देशून म्हणाले.

"आहे," नाना कौलांना उद्देशून म्हणाले. "सकाळीच आली. हिनं उघडली तर आत सुपारी, अक्षता, रुपया. म्हटलं, हे तर प्रस्थान! ओटीवर कसं ठेवणार? आत देवापाशी ठेवलंय."

"बाहेर आणून द्या."

"मी? तुमच्या प्रस्थानाला मी हात लावू? माझ्या माथी पाप कशाला?"

दोघेही शास्त्राला पक्के, त्यामुळे पेच पडला. अप्पा पहिल्या पायरीकडे बघत राहिले. "राहुकाळ तर नाही ना, बघायला हवं. आमचं पंचांग माकडानं..." ते थांबले.

"माकडानं काय?"

"...नेलं."

नानांच्या मिशा हलल्या. "शनिवार आहे. राहुकाळ साडेदहालाच संपला. या वर, दिगंबरराव."

अप्पा तीन पायऱ्या चढले, आणि ओटीवर समोरच तो फोटो. मोठा, फ्रेममध्ये, हार घातलेला नाही एवढंच. मी डोळे मिटले. मग मला अप्पांचा आवाज आला.

"हे काय आहे?"

मी डोळे उघडले. फोटोच्या उजव्या कडेला ते जगप्रसिद्ध कोपर होतं. आणि कोपराच्या वर, मांडवाच्या खांबावर, अप्पांचा पासपोर्ट साइझचा फोटो कापून चिकटवलेला होता. नुसतं डोकं. मांडवातल्या सगळ्या डोक्यांच्या तिप्पट. नवरीच्या मागे जणू एखादा राक्षस चष्मा लावून उभा राहिलाय आणि आशीर्वाद देतोय.

"हिनं ताईकडून मागवला तुमचा फोटो," नाना म्हणाले. "चार वर्षं झाली. मीच चिकटवला. खळ लावून."

अप्पा जवळ गेले. चष्मा वर करून बघितलं. फोटोला, मग नानांना. 

"प्रमाण चुकलंय," अप्पा म्हणाले.

"मग तुम्ही दुरुस्त करा. ड्राफ्ट्समन तुम्ही. मी सुपारीवाला."

"एकास तीन झालंय. एवढी साधी गोष्ट कळली नाही तुम्हाला? मला विचारायचं तरी!"

"कसं विचारणार? बोलत होतात का?"

"नव्हतो," अप्पांनी कबूल केलं. मग म्हणाले, "पाणी द्या जरा."

पाणी आलं. मग पानं मांडली गेली. अप्पा देवघरात जाऊन पिशवी घेऊन आले, ती त्यांनी मांडीशी ठेवली, आणि जेवायला बसले. जेवण झाल्यावर नानांनी झोपाळ्यावर बसून कनवटीची एक डबी काढली, चिमूट नाकात कोंबली आणि डोळे मिटले.

"वा! रविवार पेठेतली. सात वर्षांनी! तुमच्या पिशवीतली हो. हिला म्हटलं, ही माझीच असणार, दिगंबररावांना कुठली तपकीर सोसतेय."

आणि खरंच, नुसत्या वासानं अप्पांना अकरा शिंका आल्या. मी मोजल्या. आईकडे मी कौतुकानं बघितलं. तिनंही माझ्याकडे बघितलं.

दिवेआगरचं कुणी नावही काढलं नाही. संध्याकाळी ओहोटी होती, पाणी लांब गेलं होतं. दोघी बहिणी साड्या खोचून ओल्या वाळूत बसल्या होत्या, अजून एकाच वेळी बोलत. मागे दोन साडू भांडत चालले होते, खांबाच्या जागी डोकं बसवायचं की खांदाही काढायचा. रविवारी पूर्वेला शूळ नव्हता, तेव्हा आम्ही निमूट घरी आलो. गुरुवारी मावशी अमेरिकेला गेली. तिला विमानतळावर सोडायला नानांबरोबर अप्पाही होते.

या गोष्टीला चोवीस वर्षं झाली. परवा माझी लेक पुण्याजवळचा समुद्र शोधत फोनवर बोट सरकवत होती. काशीदला चार तारे, दिवेआगरला साडेचार. आई आणि मी शेंगा सोलत होतो. अप्पा खिडकीशी पंचांग घेऊन बसले होते. शहाऐंशीचे झालेत, पण ऐकायचं ते सगळं ऐकू येतं.

मी हळूच म्हटलं, "आई, तेव्हा काय डोकं लढवलंस गं! पाठाऱ्यांना पिशवी न्यायला सांगितलंस ते."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मी? मला वाटलं, तू सांगितलंस."

"मी कशाला सांगू? मला तुमच्या पिशव्या जातात-येतात हे तरी कुठे माहीत होतं?"

"मग तपकीर? ती तू नव्हती घातलीस?"

"तपकीर काय असते तेही मी त्या दिवशीच बघितलं. तूच घातलीस ना?"

"या घरात मी तपकीर आणीन? ह्यांना शिंका येतात ठाऊक असून?"

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. दक्षिणेला उघडणारं गोखलेबाईंचं दार. अप्पांनी "मी शनिवारी नेईन" म्हणून ठेवलेली पिशवी पाठारे कुणी सांगितल्याशिवाय कशाला नेतील? नक्की चारला? नक्की. फाट्यावरचं "डावीकडे". आणि ज्या माणसानं एसटीचं तिकीट कायम महिनाभर आधी काढलं, त्यानं दिवेआगरची खोली बुक केलीच नव्हती.

"म्हणजे पाठारे माझ्या पिशव्या नेतात हे ह्यांना..." आई म्हणाली.

"अप्पा," मी खिडकीकडे वळले. "त्या प्रस्थानाच्या पिशवीत तपकिरीची डबी कुणी घातली होती?"

अप्पांनी पंचांगाचं पान उलटलं. वर बघितलं नाही.

"प्रस्थानात काय ठेवलं ते सांगायचं नसतं," ते म्हणाले. "फळ जातं."

 आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग मांडीवरची टरफलं झटकून उठली, आणि डॉक्टरांनी बंद केलेला त्यांचा दुसरा चहा टाकायला आत गेली. साखर घालून.